जूनमध्ये फी, मार्चमध्ये पैसे: शिष्यवृत्तीचा फॉर्म भरणाऱ्या घरांसाठी सगळं सविस्तर

बारावीचा रिझल्ट लागला की आठ-दहा दिवसात घरात एक बोलणं होतंच. पोरगी आत भांडी घासत असते आणि ओट्यावर बाबा, काका, कधी मामा बसून हिशोब लावतात, फी किती, रूम किती, मेस किती, आणि मग कोणीतरी म्हणतं की यंदा राहू दे, पुढच्या वर्षी बघू. पुढचं वर्ष येतच नाही, तोवर स्थळ येतं नाहीतर पोरगा अंबडला कंपनीत कंत्राटावर लागलेला असतो. मी हे आमच्या निफाड साईडला लहानपणापासून बघितलंय आणि आता नाशिकला दर रविवारी पोरांचे फॉर्म भरायला बसते तिथेही हेच ऐकते.

मला जे सांगायचंय ते एवढंच आहे की शिष्यवृत्ती बुडते ती मार्कांमुळे फार कमी वेळा बुडते. घरातला निर्णय जूनमध्ये होतो आणि सरकारचे पैसे बऱ्याचदा फेब्रुवारी-मार्चला किंवा त्याच्याही नंतर येतात, आणि मधल्या या आठ-नऊ महिन्यात पोरगं गळतं. म्हणून हा लेख नुसता फॉर्म कसा भरायचा याचा नाही. जूनच्या आधी काय करून ठेवायचं, जून ते मार्च कसं काढायचं आणि पैसे कुठे अडकतात, हे सगळं लिहितेय. लांब होईल, पण दोन वेळा वाचा आणि घरी मोठ्याने वाचून दाखवा.

आणि शिष्यवृत्ती म्हणजे सरकारने केलेली मेहेरबानी असं ज्यांना वाटतं ना (बरेच बाबा लोक लाजतात मागायला, खरंच), त्यांच्यासाठी एक गोष्ट. आपल्याच मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचा एक शेतकऱ्याच्या घरातला मुलगा, गोपाळ, बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला आणि महाराजा सयाजीराव गायकवाड झाला. त्याच सयाजीरावांनी १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर नावाच्या तरुणाला अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकायला महिन्याला साडेअकरा पौंड अशी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. पुढे काय झालं ते सगळ्या देशाला माहितीय. १९२० मध्ये शाहू महाराज नाशिकला आले होते ते उदोजी बोर्डिंगच्या पायाभरणीला, कारण त्यांना कळलेलं होतं की खेड्यातल्या पोराला शाळेच्या फीइतकीच राहायच्या जागेची आणि दोन वेळच्या जेवणाची अडचण असते. शंभर वर्षं झाली, अडचण तीच आहे.

आधी फाईल, मग फॉर्म

फेब्रुवारी ते मे हा खरा काम करायचा काळ. जूनमध्ये सेतूला (सरकारी दाखले काढायच्या केंद्रावर) जी गर्दी होते ती बघितलीय ना, तेव्हा जाऊन काही उपयोग नाही.

सगळ्यात आधी उत्पन्नाचा दाखला. तो तहसीलदारांचा लागतो. आधी तलाठ्याकडून (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) अहवाल आणायचा, मग सेतू किंवा आपले सरकार सेवा केंद्रातून अर्ज करायचा. इथे सगळ्यात जास्त पोरं फसतात, कारण दाखला ३१ मार्चपर्यंतच चालतो. जानेवारीत काढलेला दाखला जूनमध्ये दाखवला की तो गेलेला असतो. म्हणून १ एप्रिल उलटला की लगेच नवीन दाखल्याचा अर्ज टाका, मागच्या आर्थिक वर्षाच्या उत्पन्नाचा. लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा आहे आणि उत्पन्नाच्या दाखल्याला १५ दिवसांची मुदत आहे, अर्जाची पावती नीट ठेवा, मुदत उलटली तर त्याच पावतीवर अपील करता येतं. कोणी प्रतिज्ञापत्राला ५०० चा स्टॅम्प आणा म्हटलं तर नम्रपणे सांगा की विद्यार्थ्यांच्या दाखल्यांसाठी ती अट २०२५ मध्ये माफ झालीय, साध्या कागदावर स्वतःच्या सहीचं चालतं. पाचशे रुपये म्हणजे आमच्याकडे एका बाईची दीड-दोन दिवसांची मजुरी होते, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

उत्पन्न खरं तेवढंच लिहा. अनुसूचित जाती-जमातीच्या शिष्यवृत्तीला मर्यादा अडीच लाख आहे म्हणून नोकरीवाल्याने दोन लाख चाळीस हजार लिहून घ्यायचं हे बरेच करतात, पण पगाराचा फॉर्म सोळा जोडलेला असतो, पॅन असतो, ते जुळलं नाही की अर्ज रद्द, आणि खऱ्या गरजूच्या वाटेत आपण अडथळा होतो ते वेगळंच.

दुसरा कागद जातीचा दाखला, तो प्रांत कार्यालयातून होतो, आणि त्याच्या पुढची जात वैधता, म्हणजे तो दाखला खरा आहे असं समितीने तपासून दिलेलं सर्टिफिकेट, जिला सगळे नुसतं व्हॅलिडिटी म्हणतात. इंजिनिअरिंग, फार्मसी, नर्सिंग, शेतकी असल्या कोर्सला जायचं असेल तर बारावीच्या निकालाची वाट बघू नका, अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत अर्ज टाका, कारण याला महिने लागतात.

व्हॅलिडिटीला काय लागतं तर आपल्या वडिलांकडच्या पूर्वजांची जात लिहिलेला जुना कागद, आणि तो किती जुना पाहिजे हे प्रवर्गावर आहे. अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा, अनुसूचित जमातीला ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा आणि ओबीसी व विशेष मागास प्रवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा. या तारखा कुठेतरी लिहून ठेवा. लोक म्हणतात आमचे आजोबा शाळेतच गेले नाहीत मग दाखला कुठून आणू. बरोबर आहे, पण आजोबांचे भाऊ गेले असतील, चुलत आजोबा गेले असतील. गावच्या जिल्हा परिषद शाळेत जनरल रजिस्टर असतं, हेडमास्तरांना अर्ज देऊन निर्गम उतारा मागा. तिथे नाही मिळालं तर तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे जन्ममृत्यूची नोंद, ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात, त्याची नक्कल मागा. त्यात जन्माच्या नोंदीपुढे जात लिहिलेली असते, बऱ्याच ठिकाणी मोडीत, मग मोडी वाचणारा शोधून लिप्यंतर करून घ्यावं लागतं. जमिनीचे जुने फेरफार पण बघा. एका मुलीच्या पणजोबांची नोंद आम्हाला कोतवाल बुकात मिळाली, आडनावाच्या जागी नुसतं बापाचं नाव होतं, तर वंशावळ लिहून, गावातल्या म्हाताऱ्या माणसाचा जबाब लावून ते जुळवलं.

नाशिकमध्ये कुठे जायचं तर अनुसूचित जाती, ओबीसी वगैरेंची समिती पुणे रोडला नासर्डी पुलाजवळच्या सामाजिक न्याय भवनात, आणि जमातीवाल्यांसाठी जुन्या आग्रा रोडला गडकरी चौकातलं आदिवासी विकास भवन. राज्याचं आदिवासी विकास आयुक्तालयच आपल्या नाशिकमध्ये आहे, म्हणजे गडचिरोलीच्या पोराच्या योजनासुद्धा जिथून चालतात ती इमारत आपल्याला सिटी बसने गाठता येते, आणि तरी पेठ-सुरगाण्याची पोरं तिथवर पोचत नाहीत.

बाकीचे कागद पटकन सांगते. डोमिसाइल, रेशन कार्ड, दहावी-बारावीच्या मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांना नॉन क्रिमी लेयर, मध्ये वर्ष वाया गेलं असेल तर गॅपचं स्वयंघोषणापत्र, वडील नसतील तर मृत्यूचा दाखला, हॉस्टेलला राहत असाल तर हॉस्टेलचं पत्र. प्रत्येक कागद सरळ, उजेडात स्कॅन करा आणि फाईल २५६ केबीच्या आत बसवा, महाडीबीटी (राज्य सरकारचं शिष्यवृत्तीचं पोर्टल) त्याच्यापेक्षा मोठी घेत नाही. ओरिजिनल कोणाकडेच ठेवायला देऊ नका, कॉलेजलाही झेरॉक्स द्या आणि ओरिजिनल नुसती दाखवून परत घ्या.

नाव, नंबर आणि खातं

हा भाग मी जरा सविस्तर लिहितेय कारण माझं स्वतःचं वर्ष इथे गेलं होतं. एफवायला असताना माझा अर्ज मंजूर दिसत होता आणि पैसे काही येईनात. आई दर आठवड्याला बँकेत जाऊन पासबुक भरून आणायची. मे महिन्यात कळलं की शाळेत असताना कधीतरी एक खातं उघडलं होतं, आधार त्या खात्याला जोडलेलं होतं, पैसे तिकडे जायला निघायचे आणि खातं बंद पडलेलं म्हणून परत जायचे. तोवर आईचे कानातले गहाण पडले होते. कोणाची चूक काढायची नाहीये, आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं एवढंच.

तर, बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे आधार लिंक झालं, पण शिष्यवृत्तीला ते पुरत नाही. डीबीटीचे पैसे, म्हणजे सरकार थेट खात्यात टाकतं ते, खाते नंबरावर येत नाहीत, आधार नंबरावर येतात, आणि एनपीसीआयच्या (बँकांचे व्यवहार जोडणारी संस्था) नोंदीत त्या आधारसमोर जी बँक लिहिलेली असेल तिथे जातात. याला सीडिंग म्हणतात. एका वेळी एकच बँक असते, जिथे शेवटी सीडिंग केलं ती. बघायचं कसं, तर माय आधारच्या साईटवर लॉगिन करून बँक सीडिंग स्टेटस उघडा, बँकेचं नाव आणि ॲक्टिव्ह आहे का ते दिसतं. दोन मिनिटांचं काम आहे, आजच करा. बँक चुकीची दिसली तर पाहिजे त्या बँकेत जाऊन डीबीटीसाठी आधार सीडिंगचा फॉर्म मागा, हाच शब्द वापरा. पोस्टाच्या पेमेंट्स बँकेत पण खातं निघतं आणि सीडिंग होतं, गावाकडे ते सोपं पडतं.

खातं पोराच्या स्वतःच्या नावाचं पाहिजे, आईचं चालत नाही. लहानपणी उघडलेलं मायनरचं खातं असेल तर १८ पूर्ण झाल्यावर केवायसी करून मेजर करून घ्या. आणि जनधनसारखं छोटं खातं असेल तर त्यात किती रक्कम जमा होऊ शकते त्याला मर्यादा असते, पन्नास हजाराच्या वर शिल्लक चालत नाही, तर पूर्ण केवायसी देऊन ती मर्यादा काढा, नाहीतर मोठी रक्कम माघारी जाते.

मोबाईल नंबर. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरकडची कितीतरी घरं दिवाळीच्या आसपास दिंडोरी-निफाडला द्राक्षबागेच्या कामाला येतात, पोरं पण मागे-पुढे असतात, आणि रिचार्ज संपला की सिम बंद होतं. पुढच्या वर्षी ओटीपी कुठल्या तरी अनोळखी माणसाच्या फोनवर जातो. आधारला जोडलेला नंबर एकदा ठरवून चालू ठेवा, घरातल्या ज्याचा फोन कायम चालू असतो त्याचा दिला तरी चालेल. बदलायचा असेल तर आधार केंद्रावर बोट लावून होतो.

आणि नावाचं स्पेलिंग. दहावीच्या मार्कशीटवर जे आहे तेच आधारवर, बँकेत, जातीच्या दाखल्यावर पाहिजे. मार्कशीट बदलणं फार अवघड, आधार बदलणं सोपं, म्हणून आधार मार्कशीटप्रमाणे करून घ्या. पण आधारवर नाव दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच, तर केंद्रावरच्या माणसाने टाईप केलेलं स्क्रीनवर स्वतः वाचून मगच हो म्हणा.

कुठली योजना आपली

आठवीपर्यंतच्या पोरांपासून सुरुवात करूया, कारण कॉलेजला आल्यावर जागं होऊन उपयोग नसतो. पाचवीत नवोदयची परीक्षा देता येते, सहावीपासून राहणं, जेवण, शिक्षण सगळं मोफत, आपल्या जिल्ह्याचं नवोदय दिंडोरी तालुक्यात खेडगावला आहे आणि ७५ टक्के जागा ग्रामीण पोरांना असतात. आठवीत एनएमएमएस ही केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा, याच्याबद्दल मी हात जोडून सांगते की द्याच. सरकारी, जिल्हा परिषद, मनपा किंवा अनुदानित शाळेत असाल, सातवीला ५५ टक्के असतील (अनुसूचित जाती-जमातीला ५०) आणि घरचं उत्पन्न साडेतीन लाखाच्या आत असेल तर बसता येतं. बुद्धिमत्ता आणि शालेय विषय असे दोन पेपर, प्रत्येकी ९० प्रश्न, ९० मिनिटं. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार, म्हणजे चार वर्षांचे ४८ हजार. आणि मराठा-कुणबी पोरं जी परीक्षेत पात्र ठरली पण मेरिटच्या कोट्यात बसली नाहीत त्यांना सारथीकडून (मराठा-कुणबी समाजासाठीची सरकारी संस्था) वर्षाला ९६०० मिळतात, हे बऱ्याच शाळांमधल्या पालकांना माहीतच नसतं. ४८ हजारांनी आयुष्य बदलतं का असं मला एका बाबांनी विचारलं होतं. मुलगी नववीत गेल्यावर घरात तिच्या नावाने महिन्याला हजार रुपये येतात ना, तर तिच्या शाळेबद्दल बोलताना घरातल्यांचा आवाज बदलतो. हे मी बघितलंय.

दहावीनंतर महाडीबीटी. अनुसूचित जातीला भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, उत्पन्न अडीच लाखापर्यंत, त्याच्यावर असेल तर फ्रीशिप, म्हणजे निर्वाह भत्ता नाही पण शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क सुटतं. जमातीला पण तशीच मॅट्रिकोत्तर, अडीच लाख. ओबीसी, भटके-विमुक्त, विशेष मागास यांच्या आपापल्या योजना त्याच पोर्टलवर. खुल्या प्रवर्गातल्या पोरांना राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, ज्याला सगळे अजून ईबीसीच म्हणतात, उत्पन्न आठ लाखाच्या आत, निम्मं शिक्षण शुल्क.

मुलींसाठी ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय नीट समजून घ्या. ईडब्ल्यूएस (खुल्यातले आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग) आणि ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखाच्या आत असेल तर व्यावसायिक कोर्सचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ. पण प्रवेश कॅप राऊंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून झालेला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून सीट घेतली की गेलं, आणि खाजगी अभिमत (डीम्ड) किंवा स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठात घेतलं तरी हे मिळत नाही. दरवर्षी कोणीतरी मुलगी येते, ॲडमिशन झालेली असते, वीस-पंचवीस हजार भरलेले असतात आणि तेव्हा कळतं की सीट कॅपची नाही. ॲडमिशन घेण्याआधी एकच प्रश्न विचारा, ही सीट कॅपमधली आहे का, आणि अलॉटमेंट लेटर हातात घ्या.

केंद्राच्या योजना एनएसपी, म्हणजे राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर असतात. बारावीत बोर्डाच्या वरच्या वीस टक्क्यांत असाल आणि उत्पन्न साडेचार लाखाच्या आत असेल तर डिग्रीला वर्षाला १२ हजार. इंजिनिअरिंग-डिप्लोमाच्या मुलींना एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) प्रगती शिष्यवृत्ती, वर्षाला ५० हजार, उत्पन्न आठ लाखाच्या आत, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. दिव्यांग पोरांना सक्षम, तेवढेच पैसे, ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचा दाखला लागतो. एकाच कारणासाठी दोन सरकारी शिष्यवृत्त्या एकदम घेता येत नाहीत, म्हणून दोन्हीकडे पात्र असाल तर बेरीज-वजाबाकी करून जी मोठी ती घ्या.

फॉर्म भरायला बसल्यावर

पोर्टलवर रजिस्ट्रेशन आधार ओटीपीने करा, युजर आयडी-पासवर्ड वहीच्या पहिल्या पानावर लिहा, सायबर कॅफेवाल्याच्या डायरीत नको. प्रोफाईल भरताना घाई नको, कारण योजना तुमच्या प्रोफाईलवरून ठरतात. प्रवर्ग, उत्पन्न, कोर्सचं नाव यातलं एक जरी चुकलं तर पाहिजे ती योजना यादीत दिसतच नाही आणि पोरं म्हणतात मी पात्र नाही. कोर्सचं नाव आणि कॉलेजचं नाव ड्रॉपडाऊनमधून निवडताना नीट बघा, एकाच संस्थेची चार-पाच कॉलेजं सारख्या नावाने असतात. मागच्या सगळ्या वर्षांची माहिती भरा, गॅप लपवू नका.

सबमिट झालं म्हणजे झालं नाही. अर्ज आधी कॉलेजच्या क्लार्ककडे जातो, मग प्राचार्यांच्या लॉगिनला, मग विभागाकडे, म्हणजे समाजकल्याणचे सहायक आयुक्त किंवा आदिवासीचं प्रकल्प कार्यालय (आपल्याकडे नाशिक आणि कळवण अशी दोन आहेत) किंवा तंत्रशिक्षणवाले. प्रत्येक टप्प्यावर तो सेंड बॅक होऊ शकतो आणि मेसेज येईलच असं नाही. म्हणून महिन्यातून दोनदा, समजा दर १ आणि १५ तारखेला, लॉगिन करून स्टेटस बघा. कॉलेजच्या टेबलावर महिनाभर पडून असेल तर जाऊन भेटा, आवाज न चढवता, अर्जाचा नंबर लिहिलेली चिठ्ठी द्या, त्या माणसाकडे हजारेक अर्ज असतात. तरीही हलत नसेल तर प्राचार्यांच्या नावाने लेखी अर्ज आणि पोच, मग पोर्टलवर तक्रार, आणि अगदीच नाही तर दहा रुपये भरून माहिती अधिकार, की माझा अर्ज अमुक तारखेपासून कोणाकडे प्रलंबित आहे. पोच घेतलेल्या कागदाला उत्तर द्यावंच लागतं.

कोणी फोन करून शिष्यवृत्ती मंजूर झालीय ओटीपी सांगा म्हणालं तर फोन ठेवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करा, पहिल्या तासाभरात केलेला फोन सगळ्यात कामाचा.

जून ते मार्च

आता खरी अवघड गोष्ट. पात्र असलेल्या पोराकडून माफ होणारं शिक्षण शुल्क ॲडमिशनला घेऊ नये असं सरकारने कॉलेजांना वेळोवेळी कळवलेलं आहे. तरी काउंटरवर पूर्ण फी सांगितली जाते आणि घाबरून लोक सावकाराकडे जातात. तसं करू नका. फीची फोड लेखी मागा, शिक्षण शुल्क किती, इतर किती. जी माफ होत नाही तेवढीच भरा, आणि तीही जड जात असेल तर हप्ते मागा, अर्ज लिहून मागितले तर बरीच कॉलेजं देतात.

मग राहणं. सरकारी वसतिगृहाचा अर्ज ॲडमिशनबरोबरच टाका, नंतर नाही. जागा नाही मिळाली तर राहण्या-जेवणाचे पैसे देणाऱ्या योजना आहेत, अनुसूचित जातीच्या पोरांना स्वाधार, जमातीला स्वयम्, आणि ओबीसी-भटक्या विमुक्तांना सावित्रीबाई फुले आधार योजना. नाशिक विभागीय शहर आहे म्हणून स्वाधारमध्ये इथे वर्षाला ५१ हजार, जेवणाचे २८, राहण्याचे १५ आणि निर्वाहाचे ८. अट अशी की तुम्ही नाशिकचेच रहिवासी नसावे आणि सरकारी वसतिगृहात जागा मिळालेली नसावी, म्हणून वसतिगृहाचा अर्ज केल्याचा पुरावा जपून ठेवा. खुल्या प्रवर्गातल्या नोंदणीकृत मजूर, अल्पभूधारकांच्या पोरांना पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. आणि हे पण उशिरा येतं, हे धरूनच चला. भाड्याने रूम घेताना तीन-चार जणी मिळून घ्या, आणि भाडेकरार करून घ्या, तो अर्जाला लागतो.

प्रवासाचे पैसे वाचवा. एसटीत विद्यार्थी पासला दोन तृतीयांश सूट आहे, गावाकडच्या मुलींना बारावीपर्यंत पास मोफत आहे, बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, म्हणजे पोरीला भेटायला येणाऱ्या आईचं पण. सिटीलिंकचा (नाशिकच्या सिटी बसचा) पण विद्यार्थी पास निघतो. पुणे विद्यापीठाच्या कॉलेजात असाल तर कमवा आणि शिका योजनेत नाव द्या, लायब्ररीत, ऑफिसात, बागेत काम असतं, तासावर पैसे मिळतात, आणि त्यात लाजायचं काही नाही. माझा मेसचा खर्च त्याच्यातून निघायचा.

आणि तरीही खड्डा राहिला तर नातेवाईकांकडून थोडे थोडे, कागदावर लिहून घ्या. दागिना ठेवायचाच असेल तर बँकेत ठेवा, सावकाराकडे नको. मोठ्या कोर्सला शैक्षणिक कर्ज, पीएम विद्यालक्ष्मी पोर्टलवरून अर्ज करता येतो. ज्यांना कॉलेजला रोज जाणं शक्यच नाही त्यांनी शिक्षण सोडू नका, गंगापूर धरणाच्या बाजूला मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे, काम करत डिग्री होते. पण मुलीला दुसरीकडे ॲडमिशन मिळत असताना केवळ पैशांच्या भीतीने तिला बाहेरून टाकू नका, कॉलेजात जाण्याने पोरगी जी मोकळी होते ते घरी बसून होत नाही.

पैसे आल्यावर एक जपा. काही योजनांमध्ये कॉलेजच्या फीची रक्कम पण पोराच्याच खात्यावर येते. ती आपली नसते. बहिणीच्या लग्नात किंवा कांद्याच्या बियाण्यात ती गेली की वर्षाच्या शेवटी कॉलेज मार्कशीट अडवतं आणि मग पुढचं रिन्युअल अडतं. आली त्या आठवड्यात भरा, पावती फाईलला लावा.

रिन्युअल दरवर्षी करावं लागतं, आपोआप होत नाही. दुसऱ्या वर्षी नवीन उत्पन्नाचा दाखला, नवीन मार्कशीट. ७५ टक्के हजेरी सांभाळा, छाटणीच्या दिवसात घरी कामाला जायचं असेल तर सरांना सांगून, लेखी अर्ज देऊन जा. नापास झालं तर त्याच वर्षाची शिष्यवृत्ती परत मिळत नाही, पण पुढे पास होऊन गेलं की पुन्हा अर्ज करता येतो, तेव्हा एका वर्षाने खचून सोडून देऊ नका.

शेवटचं एक काम, ते बहुतेक जण करत नाहीत. घरात एकाला व्हॅलिडिटी मिळाली की ती सख्ख्या भावंडांना आणि चुलत भावंडांना पुरावा म्हणून लावता येते, वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातली व्हॅलिडिटी असली की समितीपुढचं निम्मं काम होतं. आत्याच्या पोरांना नाही चालत, त्यांची जात त्यांच्या वडिलांकडून जाते. पण काकांच्या पोरांना चालते. म्हणून सर्टिफिकेट हातात आलं की त्याच संध्याकाळी त्याचा आणि आजोबांच्या त्या शाळेच्या उताऱ्याचा नीट फोटो काढून सगळ्या काकांना पाठवा, भांडण असेल त्या काकांना पण, आणि खाली लिहा की धाकट्या पोरांची फाईल आत्तापासून करा.